उभ्या रेघेपुढचं

बुधवार, २ जानेवारी २००८

आले एकदाची! पाचोऱ्याहून कल्याणपर्यंत रेल्वे, तिथून भिवंडीला एसटी आणि पुढे पूर्ण्याला रिक्षा. रिक्षावाल्याने माझं शिलाई मशीन मागे दोरीने बांधलं आणि सबंध रस्ताभर बहिणीच्या लग्नातली भांडणं सांगितली. उतरताना मला त्या भांडणातली सगळी माणसं नावानिशी पाठ झाली होती.

खोली छान आहे. घरमालकीण आक्का, साठीच्या, गळ्यात जाडजूड सोनं, आवाज खणखणीत. मी उद्यापासून ज्या गोदामात कामाला जाणार ते त्यांच्याच शेतावर उभं आहे. “म्हंजे तू माज्या भातान बसून काम करनार गो,” म्हणाल्या आणि खूप हसल्या. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

हे जाऊन चौदा महिने झाले. मला रडू आलं नाही यावरून सासरी पुष्कळ बोलून झालं. इथे कुणाला काही ठाऊक नाही. नवी वही, नवं गाव. रोज लिहायचं ठरवलंय.

शुक्रवार, ४ जानेवारी

काम समजलं. गोदामाचे सहा गाळे, सगळ्यांत कापडाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. दोनशे बारा मजूर. त्यांच्या रोज दोन याद्या बनतात. एक आतली, ती मुकादम महादू टाइप करतो. दुसरी गेटवरची, ती वॉचमन बाळाराम एका बोटाने टाइप करतो. म्हातारा गृहस्थ, पण कॉम्प्युटर शिकल्याचा त्याला मोठा अभिमान. मी दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडायच्या, फरक असेल तिथे बघायचं आणि दोहोंची एक करून मुंबईच्या ऑफिसला पाठवायची.

ओळ अशी असते: नंबर, नाव, गाळा, मग एक उभी रेघ, आणि रेघेपुढे आल्याची वेळ, गेल्याची वेळ, शेरा. सगळं इंग्रजी अक्षरांत. जिथे फरक तिथे ओळ लाल होते. पहिल्या दिवशी सगळीच्या सगळी लाल झाली, कारण महादूचं घड्याळ आणि गेटचं घड्याळ कधीच जुळत नाही. मी बसले एकेक तपासत. दुपारी मॅनेजर हितेशभाईंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

त्यांनी एक नियम घालून दिला: उभ्या रेघेपासून पुढचं सगळं वगळ. लगेच सगळा लाल रंग पुसला गेला! तीनच ओळी उरल्या, त्यांत नावाच्या स्पेलिंगची चूक. वगळलेला भाग फिका राखाडी दिसतो, म्हणजे असतो, पण मोजला जात नाही. बाकीच्या ओळी प्रोग्रॅम सारख्याच धरतो, डावीकडची, म्हणजे महादूची, उचलतो आणि उजवीकडची टाकून देतो. तीन तासांचं काम वीस मिनिटांत.

बुधवार, ९ जानेवारी

इथे बायकांसाठी संडास चार नंबर गाळ्याच्या मागे आहे आणि त्याला कडी नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ताग्यांना चिठ्ठ्या चिकटवणारी एक बाई, काशी हरड, माझ्या मागोमाग आली. म्हणाली, “तुमी जा बाई, मी दार धरते.” तेव्हापासून रोज धरते. शहापूरकडची आहे, नवरा रामू मानकोलीला हमाली करतो, तिथेच झोपडं. माझ्याहून लहान असेल. दार धरून मोठमोठ्याने बोलत असते म्हणजे कुणी पुरुष तिकडे फिरकत नाही. मला विचारलं, मालक काय करतात. वारले म्हटलं. तिने च् च् केलं नाही. म्हणाली, मग तुमी जेवता का नीट?

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत उद्या आहे, पण आक्कांनी तिळाच्या वड्या आजच दिल्या. काम बरं चाललंय. आता लाल ओळी एक-दोनच असतात. राखाडी भागाकडे नजर जातच नाही. हे शिकता येतं, न बघणं.

गुरुवार, १७ जानेवारी

तीन-सव्वातीनला चार नंबर गाळ्यात थप्पी कोसळली. आधी एक गाठ पडल्याचा आवाज, मग सगळ्याच. धुरळा इतका की ऑफिसच्या काचा पांढऱ्या झाल्या. महादूने सगळ्यांना बाहेर काढलं. चारच्या आत सबंध गोदाम घरी पाठवलं.

पाच वाजता हितेशभाई माझ्या टेबलाशी उभे राहिले. दोन्ही याद्या मागवल्या होत्या. आत कोणी राहिलं नाही ना, एवढंच बघायचं होतं. मी लावल्या. एकही ओळ लाल नाही. त्यांनी विचारलं, जुळतंय? मी म्हटलं, जुळतंय.

विम्याचा माणूस येऊन बघून जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही म्हणून शटर खाली ओढलं, दोन कुलपं लावली, वर लाखेचं सील. तो पुढच्या गुरुवारी येणार.

शुक्रवार, १८ जानेवारी

गेटवर बाळारामने थांबवलं. विचारलं, “बाई, यादी बघितली?” बघितली म्हटलं. “समदी?” समदी म्हटलं. तो मान हलवून बाजूला झाला.

काशी आज नव्हती. दार मीच पायाने धरलं.

शनिवार, १९ जानेवारी

बाळाराम जेवायला गेला तेवढ्यात काशीचा नवरा रामू आला होता. दोन रात्री ती घरी आली नाही. हितेशभाईंनी मला बोलावून सांगितलं, त्याला यादी दाखव. मी गेटची यादी कागदावर काढून आणली. त्याला वाचता येत नाही. मी तिच्या नावावर बोट ठेवलं आणि सांगितलं की गेटची यादी आणि आतली यादी जुळते, म्हणजे आत कुणी नाही. आदल्या दिवसाच्या यादीवरच नवी चढवतात म्हणून न आलेल्याचंही नाव दिसतं, एवढंच.

त्याने त्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाला, “तुमी सोता बघितलंय ना बाई? मंग झालं. माहेराला गेली आसंल.” चप्पल घालून शहापूरच्या बाजूला गेला.

गेटवर बाळारामने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

मंगळवार, २२ जानेवारी

सकाळी दहाला वीज गेली. आली तेव्हा कॉम्प्युटरने नियम विसरून टाकला होता. दोन्ही याद्या उघडल्या तर वरपासून खालपर्यंत लाल. नियम परत घालायच्या आधी डोळे सहज उजवीकडे गेले. १४७ नंबर, काशी रामू हरड, गाळा चार. आली आठ पाच. गेली, कोरं. आणि शेरा: आवाज बारीक.

मागच्या फायली काढल्या. बाळारामने रोज लिहिलं होतं.

सतरा: बाहेर न्हाय.
अठरा: बाहेर न्हाय. आतून आवाज हाय.
एकोणीस: आवाज हाय. साहेब बोलले उंदीर.
वीस: पाणी मागते. फटीतून वतलं. पोचलं न्हाय.
एकवीस: बाईला ठाव हाय. बाई रोज बघते.

साडेदहा वाजले होते. हितेशभाई निजामपुऱ्यात गेले होते, एकला येणार होते. टेबलावर फोन होता. मी फोन केला नाही. का, ते मला लिहिता येत नाही. घाबरले नव्हते. काहीच झालं नव्हतं मला. मी नियम परत घातला, कामाची यादी पूर्ण केली, पाठवली. साडेबाराला डबा उघडला. कोबीची भाजी होती. सगळा खाल्ला.

हितेशभाई आल्यावर त्यांना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला, मग त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. चार वाजता सील तोडलं.

गाठी अशा पडल्या होत्या की कोपऱ्यात घडवंचीएवढी पोकळी राहिली होती. ती तिथे होती. बसलेली.

बुधवार, २३ जानेवारी

डॉक्टर म्हणाले काल दुपारपर्यंत जीव असावा. बारा, साडेबारा.

पोलिसांनी मला विचारलं. मी सांगितलं, रेघेपुढचं वगळलेलं होतं. त्यांना ते नीट समजलं नाही. त्यांनी लिहून घेतलं, कॉम्प्युटरमधील चूक.

बाळाराम भिंतीला टेकून बसला होता. माझ्यावर रागावला नाही. म्हणाला, “मला वाटलं तुमी वर सांगितलं आसंल. तुमी बोललात ना, समदी बघितली.”

रामूने एकच विचारलं. त्या दिवशी तुमी बोट कुठं ठेवलं हुतं? कागद अजून माझ्या खणात होता. मी आणून दाखवलं, इथे, नावावर. तो म्हणाला, आनि लिवलंय कुठं? मी बोट सरकवलं. तीन इंच असेल.

मला रडू आलं नाही.

सोमवार, २८ जानेवारी

बाळारामने काम सोडलं. एजन्सीचा नवा वॉचमन आलाय, उत्तरेकडचा, पोरसवदा नाही, चांगला चाळिशीचा. हितेशभाईंनी पुन्हा असं होऊ नये म्हणून बंदोबस्त केला. शेरा हा प्रकारच यादीतून काढून टाकला. गेटवर आता फक्त वेळा लिहायच्या. वेळा जुळत नाहीत म्हणून नियम आहे तसाच ठेवला. महादूने काशीचं नाव त्याच्या यादीतून स्वतः खोडलं, माझ्यासमोर.

दोनशे अकरा.

बुधवार, ३० जानेवारी

आज दोनशे बारा.

दोन्हीकडे १४७ आहे. दोन्हीकडे असल्यामुळे लाल झालं नाही. राखाडीत बघितलं. आली आठ पाच. गेली कोरं. शेरा: आवाज हाय.

शेऱ्याला आता यादीत जागाच नाही. महादू म्हणाला, मी खोडलं ते तुमच्या डोळ्यांदेखत. वॉचमनला काशी कोण तेच माहीत नाही. त्याला मराठी लिहिता येत नाही.

मी दोन्हीकडची ओळ काढून टाकली.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

कालही होती. आजही. शेरा: पाणी.

मी नियमात भर घातली. १४७ ने सुरू होणारी ओळ पूर्ण वगळ. आता ती मोजलीच जात नाही. पडदा स्वच्छ. काम वीस मिनिटांत.

सोमवार, ४ फेब्रुवारी

आक्का म्हणतात, मी हाकेला ओ देत नाही. काल जिन्याखालून तीनदा हाक मारली म्हणे, मी बघितलंही नाही. “कानान बोलं घातलंस का गो?” बोळे कसले, मला खरंच ऐकू आलं नाही. त्यांचे ओठ हलताना दिसले तेव्हा कळलं.

गोदामात महादूचं बोलणं ऐकू येतं. हितेशभाईंचं येतं. बायकांचं येत नाही. चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या बायका जेवताना हसत होत्या, तोंडं उघडी, आवाज नाही.

घाबरायला हवं. असं लिहून ठेवते.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

एका बाईचा आवाज येतो. दुपारी. चार नंबरच्या बाजूने. बाकी एकीचाही येत नाही, हा येतो.

बुधवार, ६ फेब्रुवारी

नियम काढून बघितला. सगळे नियम. सगळं लाल.

उजवीकडे दोनशे बारा ओळी. दोनशे बारा नावं वेगळी. रेघेपुढे सगळ्यांना एकच — आवाज हाय. आवाज हाय. आवाज हाय. खालपर्यंत.

हितेशभाईंना बोलावलं. ते वाकून बघून म्हणाले, वेळाच तर आहेत. नियम घाल म्हणजे जाईल.

घातला. गेलं. हात थंड आहेत, बाकी काही नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

पाचोऱ्याला जावं का. भावाला फोन केला. वहिनीने उचलला असावा. पलीकडे काहीच ऐकू आलं नाही. ठेवला.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

आज सगळ्यांना शेरा — बाई या.

शनिवार, ९ फेब्रुवारी

चार नंबर रिकामा करायला काढलाय. शटर अर्धं वर. सव्वाबाराला सगळे बाहेर पडले. मी वाकून आत गेले.

कुणी ढकललं नाही. हे नीट लिहिते. मी माझ्या पायांनी गेले. जागा बघायची होती. कोपऱ्यात अजून गाठी आहेत, पोकळीही तशीच. माणूस मावतं. मी बसून बघितलं, तिला किती दिसत असेल. शटरखालची फट दिसते. एक पट्टी उजेडाची.

शनिवारी अर्धा दिवस, हे मला माहीत होतं. शटर खाली आलं तेव्हा आवाज ऐकला. उठले नाही. उठायचं आहे असं डोक्यात आलं. पाय उठले नाहीत. दोन कुलपं, एकापाठोपाठ.

मग ओरडले.

शनिवारच

फोन ऑफिसच्या टेबलावर. पर्समध्ये ही वही, पेन, रुमाल.

वॉचमन फटीवरून गेला. बूट दिसले. मी हाका मारल्या, नाव घेऊन नाही, त्याचं नाव मला माहीतच नाही. बूट थांबले. गेले.

माझं नाव मजुरांच्या यादीत नाही. ऑफिसच्या माणसांची यादीच नाही. आक्का वाट बघतील. आक्का म्हणतील, गेली असेल माहेरी.

रविवार, १० फेब्रुवारी

उजेड आला फटीत. घसा बसला.

आता भीती वाटते. खूप. चौदा महिन्यांची एकदम —

रडले. किती वेळ ते

रविवार

शेजारी श्वास आहे. माझा थांबवून बघितला. तो चालू राहिला.

मी म्हटलं, काशी. मी म्हटलं, मला वाचता येत होतं. मी वाचलं आणि जेवले. पहिल्यांदाच मोठ्याने बोलले हे.

ती रागावली नाही. तिने सरकून जागा केली. कापड घासल्याचा —

रविवार, उजेड कमी

ती म्हणते, बाई, लिवा. समदं लिवा. रेघ मारू नका मधी.

लिहिते.

१४७ काशी रामू हरड गाळा चार आली आठ पाच पाणी मागत होती हाक मारत होती पाच दिवस बाळारामने सांगितलं रामूने विचारलं मी बघितलं नाही मी बघितलं आणि काशी रामू हरड बाहेर

फटीत बूट. दोन. वाकतोय कुणीतरी. मी हाक मारतेय, तो मागे वळून विचारतोय कुणाला तरी, आत कोण आहे का, आणि तिकडून आवाज येतोय, यादी जुळते, आत कुणी